आबा शुद्ध बोलून रायले, बाप्पा!

तुम्हाला म्हणून सांगते. पुढे सांगाल तेव्हा माझं नाव तेवढं घेऊ नका. रिसोडात सध्या सोयाबीनच्या भावावर लोक दोन मिनिटं बोलतात, नळाच्या पाण्यावर चार, आणि आमच्या गल्लीतल्या आबांवर बसस्टँडपासून पिंगलाक्षी देवीच्या देवळापर्यंत अख्खं गाव बोलतं.

प्रकरण असं आहे. आबा सत्तरीच्या पुढचे. जन्म वावरात गेला. बोलणं असं अस्सल वऱ्हाडी, की नातवाच्या लग्नात पुण्याचे व्याही नुसतीच मान हलवत होते. अशा या आबांनी मध्यंतरी नवाच चाळा सुरू केला. रात्रीचं जेवण झालं की मोबाईल घेऊन मागच्या खोलीत जायचं, दार लोटून घ्यायचं आणि हळू आवाजात बोलायचं. सून बिचारी साधी आहे, पण भिंतीला कान असतात ना. तिनं दाराशी थांबून ऐकलं. आतून आवाज आला, "मला उद्या यायला जमणार नाही. तुझी तब्येत कशी आहे? काळजी घे."

मला! तुझी! काळजी! आणि काळजीतला 'ळ' असा ठसठशीत, की रेडिओवरच्या बाईनं शिकवणी लावावी. सून तशीच पळत सासूकडे गेली. "आत्याबाई, आबा कोनासंगं तरी शुद्ध बोलून रायले!" आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "माह्यासंगं तं जल्मात असे नाई बोलले."

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. पलीकडे कोणी बाई नव्हती, माणूसच नव्हता. होता तो कीबोर्डवरचा माइक. नातू पुण्यात असतो, त्याला मेसेज पाठवायचा असतो. आबांचं बोट जाड आणि अक्षरं बारीक, त्यामुळे नातवानंच दिवाळीत शिकवून ठेवलं होतं की आबा, माइक दाबा आणि बोला, तो आपोआप लिहितो. तो लिहितो खरा. पण वऱ्हाडी बोललं की भलतंच लिहितो. म्हणून आबा त्याला समजेल असं बोलू लागले. दार लोटून का, तर लोकांनी ऐकलं तर हसतील म्हणून.

हे एकट्या आबांचं असतं तर मी लिहायला बसलेच नसते. पण ही साथच आहे हो. किराणा दुकानदार गिऱ्हाइकाला "काय देऊ वं माय" म्हणतो आणि तोंड फिरवून मोबाईलला सांगतो, "साखर दोन किलो, उधारी बाकी आहे." पतसंस्थेचा वसुलीवाला, देवळातले भजनी बुवा, नगरपालिकेच्या निवडणुकीत उभं राहण्याची हौस असलेले चार-सहा तरुण, सगळे मोबाईल तोंडासमोर आडवा धरून ताठ मानेनं शुद्ध बोलताना दिसतात. ज्या मास्तरांनी 'पानी' नव्हे 'पाणी', 'शाया' नव्हे 'शाळा' म्हणून आयुष्यभर छड्या मोडल्या, त्यांना जे साधलं नाही ते या तळहाताएवढ्या वस्तूनं महिन्याभरात साधलं, तेही एक चापट न मारता. एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले, "आमची पेन्शन याले द्या."

आता भलतंच लिहितो म्हणजे काय, तेही ऐका. आमच्या ओळखीतल्या एक काकू. घरच्या ग्रुपवर त्यांना कळवायचं होतं, "मले बरं नाई, उद्या येत नाई." माइकसमोर बोलल्या आणि न वाचताच पाठवून मोकळ्या झाल्या. ग्रुपवर उमटलं, "मेले बरं नाही." पहिला शब्द वाचून अकोल्याच्या भाच्यानं वेळ न दवडता हात जोडलेलं चित्र टाकलं. मग काय, दिव्याची ज्योत, पांढरी फुलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो'. काकू स्वतः चहा पीत पीत हे वाचत होत्या. त्यांचा राग फोननं 'मेले' लिहिलं याचा नाही. राग याचा आहे की सख्ख्या भावजयीनं नुसतं 'आरआयपी' टाकलं, मराठीत दोन शब्दही लिहिले नाहीत.

हे होतं कसं, ते नातवांच्या पिढीतल्या एका इंजिनिअर मुलानं मला समजावलं. फोन काही आपल्यासारखं ऐकत नाही, तो अंदाज बांधतो. कानावर आलेल्या आवाजाशी जुळणारे पाच-सात शब्द तो मनाशी धरतो आणि त्यातला जो त्यानं आजवर जास्त वेळा पाहिलाय तो लिहून टाकतो. आणि पाहिलंय त्यानं काय? वर्तमानपत्रं, सरकारी पानं, १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया. तिथं 'मला' कोटींनी सापडतो, 'मले' औषधापुरता. मराठीतून बोलून लिहिण्याची सोय २०१७ मध्ये सगळ्यांच्या हाती आली, तेव्हापासून हा अंदाजाचा धंदा चालू आहे. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, 'ण'चा 'न' होतो. कोणी पालिकेच्या ग्रुपवर "नयाले पानी आलं का" असं बोलून टाकलं, की फोन "नया ले पाणी आलं का" लिहितो. वाचणाऱ्याला वाटतं, हिंदीत नवीन काहीतरी विकायला काढलंय.

गंमत बघा. जॉर्ज ग्रिअर्सन नावाचा गोरा साहेब शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी करून गेला. त्याच्या १९०५ च्या सातव्या खंडात वऱ्हाडीचे नमुने छापलेत. साहेबाला कळली ती आपल्या खिशातल्या यंत्राला कळत नाही! पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी तर अलीकडे गावोगाव जाऊन बोलींचं ध्वनिमुद्रण केलं आणि ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवलं. म्हणजे यंत्राला शिकवायला सामान नाही असंही नाही.

आणि आमच्या जिल्ह्याला शुद्ध-अशुद्ध सांगता? अहो, वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. इथल्या सर्वसेन राजानं 'हरिविजय' काव्य लिहिलं ते प्राकृतात. राजा असून संस्कृत सोडून! त्या काळीही कोणीतरी नाकाला पदर लावला असेलच. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त एक कथा सांगितली. काव्यपुरुष रुसून निघाला, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरली. प्रत्येक मुलखात तिनं नवा वेष केला, नवं नृत्य केलं, पण तो काही पुरता विरघळेना. विरघळला तो विदर्भात, आणि दोघांचं लग्न लागलं ते वत्सगुल्मात. रिसोडहून एसटीनं तासाभरावर! संस्कृत पंडितांनी काव्याच्या रीती लावल्या त्यात वैदर्भीला वरचा पाट दिला. जिथं साहित्यानं काव्याला जिंकलं तिथली माणसं आज दार लोटून शुद्ध बोलतात आणि काकूंना जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली जाते. राजशेखराला कळवावं तरी कुठल्या ग्रुपवर?

बोलण्याचं सोडा, आमचं नावसुद्धा या यंत्रांना धड लिहिता येत नव्हतं. 'वऱ्हाड' या शब्दातला तो पापणीसारखा अर्धा 'र' आहे ना, तो लिहायचा तर 'ऱ' वेगळा दाबावा लागतो. ते माहीत नसलं की तो उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि होतं 'वर्हाड'. मागे एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. 'वर्हाडचा ढाण्या वाघ', खाली गॉगल लावलेले एकतीस फोटो. मी फ्लेक्सवाल्या पोराला म्हटलं, बाबा, तो र खाली घे. तो म्हणाला, "काकू, र वर गेला तं भाऊ खुश हायेत. वाघ मोठा दिसते." इंग्रजी 'ॲप' लिहायचा 'ॲ' तर २००८ मध्ये कुठे युनिकोडच्या यादीत बसला. त्याआधी तो जुळवूनच लिहावा लागायचा.

आणि मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्या दिवसाचं तर बोलायलाच नको. ३ ऑक्टोबर २०२४. रात्री गल्लीच्या ग्रुपवर नुसता जल्लोष. अभिनंदनाचे पन्नास मेसेज आले असतील आणि बहुतेक सगळे इंग्रजी अक्षरांत! 'मराठी असे आमुची' म्हणणारेच ए-बी-सी-डीत गर्जत होते. देवनागरीत एकच आला. आबांचा. बोलून लिहिलेला, एकही चूक नसलेला.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, गेली वऱ्हाडी. थांबा, खरी खमंग गोष्ट पुढेच आहे.

तो पुण्यातला नातू. आबा ज्याच्यासाठी शुद्ध बोलतात तोच. कॉलेजात असताना त्यानं 'मले' तोंडातून निघू नये म्हणून केवढी काळजी घेतली. होस्टेलच्या पोरांनी "काय करून रायला बे" म्हणून चिडवलं, तेव्हापासून तो असं बोलायचा की सदाशिव पेठेतला वाटावा. मोबाईलवर घरी बोलतानाही आईला "अगं आई". आईला वाटायचं, राँग नंबर लागला. आणि आता? आता तो रील करतो. डोक्याला गमछा, हातात बैलाची वेसण (बैल शेजाऱ्याचा), आणि तोंडी अशी वऱ्हाडी की आबासुद्धा विचारतात, हे कोनत्या गावचं? तिसऱ्या शब्दाला 'बे', पाचव्याला 'भैताड', मधून मधून 'माय वं'. लाइक्सचा पाऊस. पुण्याची पोरं आता त्याला विचारतात, अजून एकदा म्हण ना ते. म्हणजे आजोबा फोनसाठी पुणेरी झाले आणि नातू फोनसाठीच वऱ्हाडी. एकाच घरातले दोघं!

माझं मत विचाराल तर रीलमधली वऱ्हाडी मला जरा तिखटच लागते. आपण घरात इतके 'भैताड' म्हणत नाही हो. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची. त्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात, पण हसवायला नाही, जगायला बोलतात. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांची 'मेड इन इंडिया' हसवते, पण हसता हसता घशाशी काहीतरी अडकवून जाते. ही पुस्तकं नातवाला ठाऊक आहेत का विचारलं, तर म्हणाला, "काकू, त्याची रील आहे का?" मी गप्प बसले. पण खरं सांगते, त्याच्या एका रीलमध्ये पेरणीच्या दिवसांत दुकानदारापुढे उभ्या असलेल्या बापाचं बोलणं आहे, उधारीसाठी शब्द जुळवणारं. त्यात एकदाही 'भैताड' नाही. ते मी चारदा पाहिलं. लाइक्स सगळ्यात कमी त्यालाच आहेत, हे ओघानं आलंच.

शाळेतल्या लेकरांची तर तिसरीच तऱ्हा. ना वऱ्हाडी, ना पुणेरी. कार्टून हिंदीत, गेमही हिंदीत, त्यामुळे चार वर्षांचं पोट्टं आजीला म्हणतं, "दादी, मुझे छोडो." आजीला वाटतं, हे कोनाचं लेकरू! मोठ्या पोरांचं शिक्षण २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हापासून ग्रुपवर गेलं, ते अजून पुरतं परत आलेलं नाही. गृहपाठाचा फोटो येतो, पोराच्या वहीत अक्षर आईचं असतं. गुरुजींना माहीत असतं, आईला माहीत असतं की गुरुजींना माहीत आहे, आणि सगळे अंगठा दाखवून पुढे जातात. तो अंगठा शाबासकीचा असतो, पूर्वी तो निरक्षराचा असायचा. सोलापूरच्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना पुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठी २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हापासून काही पालकांची समजूत झालीय की मोबाईल हातात असला म्हणजे अभ्यासच चालू आहे. २०२४ च्या 'असर' पाहणीत देशभरच्या खेड्यांतल्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांना विचारलं. शंभरातल्या ८२ जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. अशा शंभरांपैकी आठवडाभरात त्यावर अभ्यासाचं काही केलेले ५७, आणि सोशल मीडियावर फिरून आलेले ७६. आमच्या गल्लीत विचारलं असतं तर सगळीच्या सगळी पोरं 'अभ्यास' म्हणाली असती. आमची पोरं पाहुण्यांसमोर खरं बोलत नाहीत.

यावर उपाय म्हणून गावात भोंग्याची टूम निघाली. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. त्याच वर्षी आमच्या शेजारी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी गावच्या ग्रामसभेनं तर अठरा वर्षांखालच्या पोरांना मोबाईलच नको असा ठराव केला. मग रिसोडनं मागे का राहावं? बैठक भरली. अर्धे लोक बैठकीत मोबाईलवर होते, ते सोडा. एकानं विचारलं, भोंगा सातला वाजवायचा तर तेव्हा लाइटच नसते, वाजवायचा कशावर? दुसऱ्यानं सांगितलं, लाइट नसते तेव्हा पोरं अभ्यासालाच बसतात, म्हणजे भोंगा आधीपासून चालूच आहे. मग बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, "सात ते साडेआठ आमच्या मालिका असतात." बैठक संपली. इतिवृत्त ग्रुपवर टाकायचं ठरलं, ते अजून कोणी टाकलेलं नाही.

पण या सगळ्या चर्चेत एक बाई कोणाच्या लक्षातच आली नाही. आमची मावशी. सख्खी नाही, गल्लीतली. शाळेची पायरी चढली नाही. तिच्या मोबाईलमध्ये नावं नव्हती, नुसते फोटो. ट्रॅक्टर म्हणजे जावई, गणपती म्हणजे मोठा मुलगा, दवाखान्याचा लाल क्रॉस म्हणजे डॉक्टर, आणि जाऊबाईंसाठी मिरची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. यूट्यूबवर काही हवं तर माइक दाबून मागायची, बोलून पाठवलेलं ऐकायची, बोलूनच उत्तर द्यायची. वाचल्यावाचून तिचं काही अडत नव्हतं. सरकारचा उल्लास कार्यक्रम आहे ना, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, २०२२ ते २०२७ चा, त्यातली एक स्वयंसेवक पोरगी दोनदा येऊन गेली. मावशीनं दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवली. "मले कायले पाह्यजे अक्षरं? हा बोलते, मी ऐकते."

आणि मग एक दिवस मावशीच स्वतः होऊन त्या पोरीच्या दारात. वही, पेन्सिल, चष्मा सगळं घेऊन. गावानं तोंडात बोटं घातली. कोणी म्हणालं, पोथी वाचायची असेल. कोणी म्हणालं, बँकेत सही करायची असेल. कोणाला वाटलं, 'लाडकी बहीण' योजनेचा अर्ज अडला असेल.

कारण होतं स्टेटस. जाऊबाई रोज सकाळी स्टेटस ठेवतात. गुलाबाचं फूल आणि खाली दोन ओळी. फूल दिसतं, ओळी वाचता येत नाहीत. त्यातल्या काही ओळी आपल्यावर आहेत असा मावशीला वहीम. आता त्या वाचून कोणाकडून घ्यायच्या? मुलाला विचारावं तर तो हसतो, सुनेला विचारावं तर ती जाऊबाईंनाच सांगते. माइकला विचारायची सोय नाही. तेव्हा दुसरा इलाज उरला नाही. पावसाळा संपेपर्यंत मावशी अडखळत का होईना पण वाचू लागली. उल्लासची परीक्षा दीडशे मार्कांची, वाचन, लेखन आणि हिशोब. हिशोबात तिचा हात कोण धरणार? तो तिला आधीपासूनच येत होता.

जाऊबाईंच्या ओळी तिच्यावर होत्याच, हे वेगळं सांगायला नको.

आता मावशी माइक वापरत नाही. एका बोटानं, एकेक अक्षर शोधून टाइप करते. 'माह्यं' लिहिलं की फोन वर 'माझं' सुचवतो, ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. 'तुले' लिहिलं की 'तुला' पुढे करतो. "तुले कोनं इचारलं?" असं त्याला मोठ्यानं म्हणते आणि आपलंच पाठवते. आणि आता मला तो इंजिनिअर मुलगा सांगतो, की आपण पुन्हा पुन्हा लिहिलेले शब्द फोन हळूहळू लक्षात ठेवतो. परवा मावशीनं नुसतं 'म' आणि 'ल' दाबलं, तर वर 'मले' आपणहून हजर. फोन हात जोडून उभाच होता म्हणा ना.

मावशीनं लिहून पाठवलेला पहिला मेसेज मी पाहिलाय. जाऊबाईंनी लग्नातला फोटो स्टेटसवर ठेवला होता, त्याला उत्तर. "हे साडी मागच्या साली माह्या पोरीच्या लग्नात मीच देल्ली होती ना वं?"

निळ्या खुणा लगेच झाल्या. उत्तर आलेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून जाऊबाईंचं स्टेटस मावशीला दिसेनासं झालंय, आणि मावशी आपल्या नातवाला विचारून राहिली की दुसऱ्या नंबराचं सिम केवढ्याला येते. पुढचं कळलं की सांगतेच.